भाड्याचा बगळा

६ जानेवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार आज राहू दे, मी संतापलेय. फोनवरच भांडले असते, पण आपल्या घरात फोन फक्त आईच्या खोलीत लागतो. तिचे पाय गेले असले तरी कान शाबूत आहेत. म्हणून कागदावर भांडते.

परवा नर्सबाई येऊन गेल्या. आईला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर हातानं उचलणं आता बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी वजनानं आईच्या निम्मी. उचलायचं यंत्र आणा म्हणाल्या. खाली चाकं, वर लांब मान, मानेला कापडाची झोळी. माणूस झोळीत बसवायचा आणि बटण दाबायचं. तुला हे सांगायला नको. तू जन्मभर तेच करतोस, फक्त तुझ्या झोळीत पुलाच्या लोखंडी तुळया असतात.

तुला निरोप पाठवला तर तुझं उत्तर काय? ‘तीन महिन्यांसाठी भाड्यानं घे.’ पुढं ना शब्द ना चौकशी. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच उचलणं तुझ्या वाट्याला आलंय.

तरी मी दुकानात गेले. महिन्याचं भाडं ऐकून वाटलं, परवडेल. मग त्या भाड्याला शेपूट फुटायला लागलं. अनामत वेगळी. आणून देण्याचे वेगळे, परत नेण्याचे वेगळे. इमारतीला लिफ्ट नाही म्हणून मजल्यागणिक जिन्याचा आकार, आणि आपण तिसऱ्यावर. झोळी तर भाड्यानं मिळतच नाही, ती विकतच घ्यायची, कारण एकाची दुसऱ्याला वापरत नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मी तिथंच बोटं मोजली. सात-आठ महिन्यांच्या भाड्यात नवंकोरं यंत्र आपल्या मालकीचं होतं. मग भाडं कशासाठी?

मला विकत हवंय. चष्म्याच्या दुकानातून मी बिनपगारी रजा घेतलीय म्हणून तुला विचारावं लागतंय, नाहीतर विचारलं नसतं.

बारकी


१४ जानेवारी

बारके,

पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना मलाही राग आला.

आता शांतपणे सांगतो. विकत घ्यायचं की भाड्यानं आणायचं, याच प्रश्नावर आमच्या क्रेन भाड्यानं देणाऱ्या कंपनीचं आणि माझं पोट चालतं. लोक हौसेनं क्रेन विकत घेतात. काम संपतं आणि क्रेन आवारात गंजत उभी राहते. तिला जागा लागते, तेलपाणी लागतं, दरवर्षी तपासणीचा दाखला लागतो, आणि विकायला काढली की निम्म्या किमतीलाही कुणी हात लावत नाही. भाडं महाग वाटतं, पण बिघडलं तर बदलून द्यायची जबाबदारी त्यांची असते. म्हणून आमच्यात साधा नियम आहे. मुदतीचं काम असेल तर भाडं, कायमचं असेल तर खरेदी.

दुकानदाराशी मी बोललो. नेण्या-आणण्याचे पैसे एकातच धरायला लावले, जिन्याचा आकार निम्म्यावर आणला. तीन महिन्यांचे पैसे भरले आहेत, परवा यंत्र घरी येईल. दुकानाशी व्यवहार माझा, तू त्यात पडू नकोस.

एक मात्र कर. झोळीचे हुक लावल्यावर आधी वीतभरच उचलायचं, थांबायचं, चारी बाजूंनी बघायचं, मगच वर न्यायचं. आम्ही शंभर टनांनाही असंच करतो. आणि हातानं उचलू नकोस.

तुझी तब्येत कशी आहे, ते लिहिलं नाहीस.

दादा


२५ जानेवारी

दादा,

उंटावरचा शहाणा ऐकला होता, तू क्रेनवरचा निघालास.

यंत्र आलं. दारातून आत घेताना त्याची मान चौकटीला अडकली, तेव्हा आई पलंगावरून ओरडली, “हा बगळा कुणी आणला घरात?” तेव्हापासून त्याचं नाव बगळा. झोळीत घातल्यावर तू सांगितल्याप्रमाणं वीतभर उचलून थांबले. आई अधांतरी. मी चारी बाजूंनी बघतेय. ती म्हणाली, “थांबलीस का? भाव ठरायचाय माझा?” मग स्वतःच हसायला लागली. “रुग्णालयाच्या ओल्या चादरींचे गठ्ठे मी एकटीनं लाँड्रीत वाहिले, आता माझाच गठ्ठा केलात!” इतकी हसली की झोळी हलायला लागली, आणि मला भीती वाटली, आणि मग मलाही हसू आलं. खूप दिवसांनी ती खिडकीजवळ खुर्चीत बसली आणि खालच्या रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवत राहिली. यंत्र चांगलं आहे. त्याबद्दल तुझे आभार.

आता पुढचं ऐक. मुदतीचं काम म्हणतोस. पूल बांधून होतो दादा, मग क्रेन परत जाते. आईचं काय झालं की हे काम संपलं म्हणायचं? तूच लिही, मला लिहवत नाही. आणि तीन हा आकडा कुठून आणलास? डॉक्टर तुझ्या कानात काही बोलले असतील तर सरळ सांग. आईच्या आयुष्याचा अंदाजखर्च तू तिकडं टेबलावर बसून काढणार, आणि मी इकडं तिचे केस विंचरताना मनातल्या मनात आठवडे मोजत बसणार, हे मला जमायचं नाही.

तळमजल्यावरचे शिंपीकाका तुला माहीत आहेत. काकूंसाठी त्यांनी असाच पलंग भाड्यानं आणला होता, डोक्याकडून वर होणारा. काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाची माणसं पलंग न्यायला आली. काका त्याच पलंगाच्या कडेवर बसले होते. माणसं बिचारी दारातच घुटमळली, त्यांचा तरी काय दोष? मग काका उठले आणि त्यांनी स्वतः गादी गुंडाळून दिली. मी तेव्हा तिथं होते.

मला तसं उठायचं नाहीये. म्हणून मला विकत हवं होतं. स्वस्त पडतं म्हणून नाही.

बारकी


५ फेब्रुवारी

बारके,

डॉक्टर मला काहीही म्हणालेले नाहीत. भाड्याच्या कागदावर मुदत विचारतात, ती जागा मोकळी सोडता येत नाही. मी तीन म्हणालो. एवढंच आहे. प्रत्येक शब्दाचा कीस काढू नकोस.

पुलाचा मधला भाग आता चढवायचा आहे. तो चढेपर्यंत माझा मुक्काम नदीपलीकडच्या तळावर. तिथं फोन लागत नाही. पत्रं कंपनीच्या पत्त्यावर येऊन पडतील, परतलो की वाचेन. सगळं सुरळीत चाललंय असं धरून चालतो.

दादा


१६ एप्रिल

दादा,

आज बगळा गेला.

दोन माणसं आली. म्हणाली, “साहेबांनी तीनच महिन्यांचे भरलेत, आज मुदत संपली.” मी म्हटलं, दोन दिवस थांबा, मी पैशांची सोय करते. म्हणाले, पुढच्या घरी बुकिंग झालंय, तिथंही पेशंट वाट बघतोय. मी बाजूला झाले. आई पलंगावरून सगळं बघत होती. बगळ्याची मान पुन्हा चौकटीला अडकली, तेव्हा ती नेहमीसारखी काही बोलेल म्हणून मी तिच्याकडं पाहिलं. तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

झोळी तेवढी राहिली. ती आपण विकत घेतली होती ना. खुंटीला टांगून ठेवलीय.

तुझा अंदाज चुकला, दादा. तीन महिने झाले आणि आई जिवंत आहे. तुझा हिशोब बिघडवल्याबद्दल तिच्या वतीनं मी माफी मागते.

आता तुझ्यापुढं हात पसरणार नाही. मला दोन हात आहेत, आईला त्यांनीच उचलेन.

बारकी


२९ एप्रिल

अक्षर खालच्या शिंपीकाकांचं आहे, शब्द तुझ्या आईचे. काकांना म्हटलं एकही शिवी गाळू नका, पण माणूस सभ्य आहे. तेव्हा मधल्या मोकळ्या जागा तू भरून घे.

बारकी पडली. मला खुर्चीत ठेवत होती, तिच्या कमरेत काडकन वाजलं. मला वाटलं खुर्ची मोडली. खुर्ची धड आहे. पोरगी रुग्णालयात उताणी पडलीय, पायाला मुंग्या येतायत म्हणतात. मला खुर्चीत नीट टेकवलं आणि मग पडली, आधी नाही. असली मूर्ख मुलगी माझ्याच पोटी यायची होती.

मला काका आणि समोरच्या घरातले ड्रायव्हर चादरीत धरून हलवतात. दोघांनाही नाही म्हणता येत नाही, म्हणून येतात. मला त्याची लाज वाटते. आयुष्यात मी कुणाचं ओझं झाले नव्हते. आता उघडउघड झालेय, किलोंत मोजता येईल इतकी.

तुझ्या फोनवर एक बाई सारखी म्हणते, संपर्क क्षेत्राबाहेर आहे. तिला म्हटलं, मी त्याची आई आहे. तरी ऐकत नाही.

तुझी पत्रं बारकी उशीखाली लपवते, असं तिला वाटतं. उशी माझी आहे. सगळी वाचली. माझ्यावरून दोघं भांडता आणि मला कुणी एका अक्षरानं विचारत नाही. मी कधी जाणार ते मलाही माहीत नाही, तेव्हा तुम्ही डोकं शिणवू नका.

तू ये. पैसे पाठवू नकोस. पैशाला हात नसतात.

आई


९ मे

बारके,

काल रुग्णालयात तू भिंतीकडं तोंड केलंस आणि मी निघेपर्यंत वळली नाहीस. म्हणून लिहितोय. मावशी म्हणाली, तुला उद्या सोडणार आणि ती तुला तिच्याकडं नेणार. बरं झालं, तिचं घर तळमजल्यावर आहे. पत्र तिच्या हाती देतो.

मी यंत्राचं भाडं थांबवलं नव्हतं. हे आधी वाच, मग हवं तर कागद फेकून दे. आमच्या धंद्यात क्रेन एकदा साइटवर आली की ‘परत न्या’ असं लेखी कळवेपर्यंत ती तिथंच असते आणि भाडं चढत राहतं. लोक कळवायला विसरतात आणि रिकाम्या क्रेनचं भाडं भरत बसतात. अशा लोकांना मी आजवर हसलो. तुझ्या बगळ्याचंही तसंच असणार, असं मी धरून चाललो. तीन संपले की चौथ्याचं बिल येईल, भरून टाकू. विचारायची गरजसुद्धा वाटली नाही, कारण या विषयात मला कोण शिकवणार! त्या दुकानात उलटी रीत. तारीख आली की माणसं दारात. तळावरून परतलो तेव्हा दुकानाचा आठवणीचा निरोप, तुझं पत्र आणि आईचं पत्र, तिन्ही एकदम हातात पडली. तुझ्या पत्रातलं ते माफी मागितलेलं वाक्य वाचलं. तू माझ्याबद्दल असं मानू शकलीस याचा राग आला. मग तुला तसं वाटायला मीच जागा ठेवली, याचा त्याहून जास्त आला.

तीन का म्हणालो, तेही सांगतो. आई तीन महिन्यांत जाईल असं मनात नव्हतं. वर्ष म्हणालो असतो तर तू वर्षभर एकटी हे सगळं ओढणार, हे मला डोळ्यासमोर दिसलं असतं. तीन म्हटलं की वाटतं, निभेल. माझी सुटका व्हावी म्हणून मी तो आकडा सांगितला. 

काल दुकानात भांडायला गेलो होतो. दुकानदारानं शांतपणे कागद पुढं केला आणि विचारलं, “किती महिने?” हा प्रश्न मी रोज लोकांना विचारतो. त्यांनी आढेवेढे घेतले की मला वैताग येतो. काल मला आकडा सांगायचा नव्हता. म्हटलं, विकत दे. छापील किमतीला घेतलं, घासाघीस केली नाही. आईनं ते ऐकून मला सोलून काढलं. “जन्मभर भाव करून पोट भरलंस, आणि आईच्या वेळी जीभ गहाण ठेवलीस होय रे?”

असो. यंत्र आता आपलं आहे, कुणी न्यायला येणार नाही. मला पंधरा दिवसांची रजा आहे, तोवर तुझी कंबर बरी होईल. तू आलीस की बटण दाबण्यापलीकडं तुला काही करावं लागणार नाही. कधी येतेस ते कळव, म्हणजे मी परतीचं बघतो.

दादा


१५ मे

दादा,

तू भाडं थांबवलं नव्हतंस, हे मानलं. महिनाभर तो राग मी पोसला होता, तो गेला. त्या दिवशी तुझ्याकडं पाठ केली, तेही चुकलं. पण तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि त्याच जागी दुसरा राग येऊन बसला. हा जायचा नाही.

क्रेन भाड्यानं जाते तेव्हा ऑपरेटर सोबत जातो, हे तूच मला सांगितलंयस. त्याचा पगार, जेवण, जादा वेळेचे पैसे, सगळं बिलात धरतात. त्याला ठरल्याहून जास्त वेळ बसवलं तर काम बंद पाडतात, आणि बरोबरच करतात. मग आता मला सांग, बगळ्याचा ऑपरेटर कुठल्या बिलात होता? अनामत धरलीस, जिना धरलास, नेण्या-आणण्याचे धरलेस. मला धरलंच नाहीस. आणि आता यंत्र विकत घेतलंस तर ऑपरेटर त्याच्यासोबत फुकटात आला, असं तुला वाटतंय. मीही तुला कधी सांगितलं नाही, विकत-भाडं विकत-भाडं करत बसले. मलाही वाटत होतं, यंत्र आपलं झालं की सगळं ठीक होईल.

बटण दाबण्यापलीकडं काही नाही म्हणतोस. झोळी अंगाखाली सरकवायला आईला आधी या कुशीवर, मग त्या कुशीवर वळवावं लागतं. ते बटणानं होत नाही. एव्हाना तुला कळलं असेल.

डॉक्टरांनी मला वजन उचलायला मनाई केलीय. कायमची. आमच्या दुकानाच्या मालकीणबाई भेटायला आल्या होत्या. माझी जागा अजून त्यांनी कुणाला दिलेली नाही. चष्म्याच्या काचा घासायचं काम बसून असतं, ते मला जमेल, आणि ते मला आवडतं, हे मी विसरूनच गेले होते. चालता यायला लागलं की मी कामावर जाणार. मावशीकडं राहणार. आईकडं रोज येईन, तिच्याशी बोलेन, तिचे केस विंचरेन, तिच्या शिव्या खाईन. तिला उचलणार मात्र नाही.

तू कधी जायचं ते तुझं तू ठरव. ऑपरेटर ठेव, पूर्ण पगारावर. नाहीतर स्वतः हो. माझी तारीख विचारू नकोस.

बारकी


२० मे

बारके,

आधी कामाचं. पुलावर माझ्या जागी दुसरा माणूस बघा, असं कंपनीला कळवलं. इथल्या आवारात टेबलाचं काम आहे, पगार बराच कमी, ते मागितलंय. मिळेलच असं नाही. सकाळसाठी एक बाई उद्यापासून येतील, पूर्ण पगारावर. हे तुझ्या पत्रामुळं केलं असं समजू नकोस. मला एकट्याला आईला कुशीवर वळवता येत नाही, माझीही पाठ भरून येते, म्हणून केलं.

खरं म्हणजे तुझ्या पत्रामुळंच केलं.

पत्र आलं तेव्हा मी आईला खुर्चीत बसवायच्या तयारीत होतो. वाचता वाचता माझं डोकं फिरलं. आई म्हणाली, “मोठ्यानं वाच.” वाचलं. ती म्हणाली, “अक्षर न् अक्षर बरोबर आहे.” मग माझा तोल गेला. म्हटलं, पूल अर्ध्यावर टाकून आलोय, त्या तुळया कोण चढवणार? पैसे कुठून आणू? इतकी वर्षं पाठवत होतो, ते कुणाच्या खिजगणतीत नाही का? मी माणूस नाही का? बराच ओरडलो. शिंपीकाका वरपर्यंत आले आणि दारातूनच परत गेले. मी दार आपटून बाहेर गेलो आणि जिन्यात जाऊन बसलो. तिथं बसून तुझ्यावर, दुकानदारावर, स्वतःवर, सगळ्यांवर मनसोक्त चिडलो. आईवर सर्वांत जास्त, कारण तिच्यावर चिडायला काहीच कारण सापडत नव्हतं.

परत आत आलो तेव्हा ती तशीच होती. झोळी अंगाखाली घातलेली, हुक लावायचे राहिलेले, एक हात अवघडून खाली दबलेला. मी तिला तशीच टाकून गेलो होतो. तिनं हाक मारली नव्हती. मी काहीतरी पुटपुटायला लागलो, माफीचंच, तर तिनं मला थांबवलं.

“रागावायचं तर खुशाल रागाव,” म्हणाली. “पण आधी मला उचल.”

उचललं.

दादा